लाल क्लिप दिसली तर बरंच म्हणायचं

व्हिडिओ मुलाखतींवर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्याला एडिटिंग सॉफ्टवेअर कधी ना कधी बदलावं लागतंच. लायसन्सची मुदत संपते, विभागातल्या संगणकावर दुसरंच काहीतरी बसवलेलं असतं, किंवा गाईड म्हणतात आवाज जरा स्वच्छ करून आणा आणि ते काम दुसरीकडे सोपं असतं. मग आपण प्रीमियर प्रोमधून एक्सएमएल काढतो आणि डाविंची रिझॉल्व्हमध्ये उघडतो. कट सगळे जागच्या जागी, चित्रही येतं, आणि आवाजाच्या ट्रॅकवर मात्र लाल क्लिपा. मीडिया ऑफलाइन.

अशा वेळी बहुतेक जण रीलिंक दाबतात, मुख्य फोल्डर दाखवतात, सॉफ्टवेअर आत शोधाशोध करतं आणि दोन मिनिटांत लाल रंग जातो. जीव भांड्यात पडतो. मला बोलायचंय ते त्या दोन मिनिटांबद्दल. लाल क्लिप निदान सांगते तरी की मला फाइल सापडली नाही. चुकीच्या फाइलला जोडली गेलेली क्लिप काहीच सांगत नाही, ती निवांत वाजत राहते. लग्नाच्या व्हिडिओत असं झालं तर हसून सोडता येतं. मुलाखत हा तुमचा पुरावा असेल तर एका बाईच्या चेहऱ्याखाली दुसरीचं म्हणणं लागतं, तिथून ते ट्रान्स्क्रिप्टमध्ये जातं आणि ट्रान्स्क्रिप्टमधून प्रबंधात.

उदाहरणाला भिवापूर घेऊ. नागपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीसाठी ओळखलं जाणारं. समजा तुमचा विषय आहे मिरचीच्या सातऱ्यावरचं काम. सातरा म्हणजे वाळलेल्या लाल मिरचीचे देठ खुडण्याचं, मिरची निवडण्याचं काम जिथे चालतं ती जागा. हे काम करणाऱ्या बहुतेक बायका. तुम्ही तीन दिवस गेलात. एक कॅमेरा, दोन छोटे ऑडिओ रेकॉर्डर, आणि हाताशी असावा म्हणून फोन. सातऱ्यावरच्या बायका, एक शेतकरी, एक व्यापारी अशा मुलाखती झाल्या. आता हे उदाहरण मी मुद्दाम घेतलंय, कारण मिरचीची धूळ उडते म्हणून बायका तोंडाला फडकं बांधून बसतात. ओठ दिसत नाहीत. म्हणजे आवाज चित्राशी जुळतोय का, हे नुसतं बघून कळायची सोय इथे नाही.

प्रकल्पाच्या फाइलमध्ये आवाज नसतोच

हे माहीत असतं सगळ्यांना, पण त्याचा अर्थ मनात पक्का नसतो. प्रकल्पाची फाइल म्हणजे पत्त्यांची वही. अमुक नावाची फाइल, अमुक फोल्डरमध्ये, तिच्यातला इतक्या वेळापासून इतक्या वेळापर्यंतचा तुकडा, तिसऱ्या ट्रॅकवर ठेवा. बस. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ही वही नक्कल करून पाठवली जाते, आणि कोणत्या नमुन्यात नक्कल केली त्यावर काय काय गळणार ते ठरतं.

ईडीएल हा सर्वांत जुना नमुना, टेपच्या काळातला. त्याच्या सीएमएक्स ३६०० या प्रचलित रूपात चित्राचा एकच ट्रॅक, आवाजाचे चार, आणि टेपच्या नावासाठी आठ अक्षरं. तुमच्या फाइलचं लांबलचक नाव त्यात कापलं जाणार हे उघड आहे. एक्सएमएल म्हणताना आपण बहुधा फायनल कट प्रो ७ चा नमुना म्हणत असतो. २०११ मध्ये फायनल कट प्रोची नवी पिढी आली, तिने स्वतःचं एफसीपीएक्सएमएल आणलं, आणि हे दोन वेगवेगळे नमुने आहेत, नावात एक्सएमएल असलं तरी. एएएफ हा आवाजाच्या कामासाठी जास्त वापरला जातो. त्याचा एक मोठा फायदा म्हणजे आवाज फाइलच्या आतच भरून पाठवता येतो. मग रीलिंकचा प्रश्नच राहत नाही. पण बहुधा आत जातो तो टाइमलाइनवर वापरलेला तुकडा आणि त्याच्या आजूबाजूचे, तुम्ही ठरवाल तितके, थोडे सेकंद. अशा वेळी मुलाखतीचा न वापरलेला भाग मागेच राहतो. मिक्सिंगला ते पुरतं. संशोधनाचं संग्रहण म्हणून अजिबात पुरत नाही.

नवीन सॉफ्टवेअर ही वही वाचतं आणि फाइल ओळखायचा प्रयत्न करतं. कशावरून? नाव, पत्ता, सुरुवातीचा टाइमकोड, लांबी, चॅनेलची संख्या. यातल्या किती गोष्टी जुळल्या म्हणजे 'हीच ती' म्हणायचं, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि पुष्कळदा ते पर्यायांमध्ये तुम्हालाच ठरवता येतं. प्रीमियरच्या लिंक मीडियाच्या खिडकीत कोणकोणते गुण जुळवायचे त्याच्या खुणा असतात. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कॉन्फॉर्मचे पर्याय असतात. घाईत आपण सगळ्या अटी सैल करतो, कारण सैल केल्या की लाल रंग लवकर जातो. कमी अटींवर ओळख पटवली तर चुकीचा माणूस पकडला जाण्याची शक्यता वाढते, एवढं साधं आहे ते.

एकाच नावाच्या दोन बायका

भिवापूरच्या उदाहरणात दोन रेकॉर्डर आहेत. दोघांच्या कार्डवर पहिल्या दिवशीची पहिली फाइल झूम०००१. संध्याकाळी कार्ड रिकामं केलंत, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा झूम०००१. तीन दिवस, दोन रेकॉर्डर: एकाच नावाच्या सहा फाइली, सहा फोल्डरमध्ये. जुन्या संगणकावर काही अडत नव्हतं, कारण पूर्ण पत्ता वेगळा होता. नव्या संगणकावर पत्ते बदलले. ड्राइव्हचं अक्षर डी होतं ते ई झालं, किंवा विंडोजवरून मॅकवर गेलात आणि पत्त्याची सगळी रचनाच बदलली. आता सॉफ्टवेअरच्या हातात उरलं नाव. मुख्य फोल्डरच्या आत शोधताना जी झूम०००१ आधी सापडेल ती लागू शकते.

टाइमकोड मदतीला येईल असं वाटतं. व्यावसायिक रेकॉर्डर वेव्ह फाइलच्या आत एक जास्तीचा कप्पा ठेवतात. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ठरवलेला हा ब्रॉडकास्ट वेव्हचा नमुना. त्यात मध्यरात्रीपासून किती सॅम्पल झाल्यावर रेकॉर्डिंग सुरू झालं तो आकडा असतो. सकाळी सव्वादहाची मुलाखत आणि दुपारी तीनची मुलाखत यात सॉफ्टवेअर मग गोंधळत नाही. पण हा कप्पा नाजूक आहे. पंख्याची घरघर काढायला फाइल ऑडॅसिटीत उघडलीत आणि पुन्हा एक्स्पोर्ट केलीत की तो जातो. नाव तेच, आवाज जवळपास तोच, टाइमकोड शून्य. आणि अगदी स्वस्त रेकॉर्डर असेल, किंवा त्याचं घड्याळच लावलेलं नसेल, तर मुळातच त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

आता याहून वाईट. समजा सातऱ्यावरच्या एका बाईने मजुरीच्या दराबद्दल काहीतरी सांगितलं, बोलताना मालकाचं नाव घेतलं, आणि नंतर म्हणाली, ते नाव नको हं ठेवू. तुम्ही दिलेला शब्द पाळला. त्या जागी आवाज पुसून नवीन फाइल केली, आणि टाइमलाइनवर आपोआप लागावी म्हणून नाव तेच ठेवून 'निनावी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. काम झालं. सहा महिन्यांनी प्रकल्प दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला, रीलिंक केलं, आणि सॉफ्टवेअरने 'मूळ' या फोल्डरमधली फाइल उचलली. नाव तेच, लांबी तीच, टाइमकोड उलट मूळ फाइलचाच जास्त चांगला जुळतो. म्हणजे अटी कडक ठेवल्यात तर चुकीची फाइल लागण्याची शक्यता इथे जास्तच! तुमच्या परिसंवादातल्या सादरीकरणात त्या मालकाचं नाव ऐकू येतं. भिवापूर काही मुंबई नाही. कोण बोलतंय हे गावात आवाजावरून कळतं.

म्हणून निनावी केलेल्या फाइलचं नाव कधीही मूळ फाइलसारखं ठेवू नका, आणि दोन्ही प्रकारच्या फाइली रीलिंकच्या वेळी एकाच ड्राइव्हवर ठेवू नका. मूळ फाइलींची डिस्क काढून ठेवा, मग रीलिंक करा. जे सापडणारच नाही ते चुकून लागणारही नाही.

'ऱ' चं दुखणं

हा भाग मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास. कुठल्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत तो तुम्हाला सहसा सापडणार नाही.

फाइलचं नाव आहे 'सातऱ्यावर_०१'. फाइल डोळ्यांसमोर आहे, नाव तंतोतंत तेच दिसतंय, आणि सॉफ्टवेअर म्हणतं सापडत नाही. कारण सातऱ्यातला ऱ्य युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे लिहिता येतो. एक, थेट 'ऱ' हे अक्षर, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दोन, साधा 'र', क्रमांक ०९३०, त्याला खाली नुक्ता जोडून, आणि मग हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त, आणि मध्ये एक अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात.

पहिला आणि दुसरा प्रकार युनिकोडच्या नियमांनुसार समान मानले जातात, पण ते नियम पाळायचे की नाही हे प्रत्येक प्रणालीवर आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावं साठवताना 'ऱ' चे तुकडे करून 'र' आणि नुक्ता अशी साठवते. २०१७ पासून मॅकवर आलेली एपीएफएस दिलेलं नाव तसंच ठेवते आणि तुलना करताना दोन्ही एकच मानते. विंडोजची एनटीएफएस मात्र ही दोन वेगळी नावं समजते. एकाच फोल्डरमध्ये दिसायला एकाच नावाच्या दोन फाइली ती सुखाने ठेवेल. म्हणजे जुन्या मॅक डिस्कवरून विंडोजवर कॉपी केलेल्या फाइलीचं नाव आणि विंडोजवर काढलेल्या एक्सएमएलमधलं नाव हे बाइटच्या पातळीवर जुळत नाही. तिसरा प्रकार तर कुठल्याच नियमाने पहिल्या दोघांशी समान होत नाही. तो कोणत्या कीबोर्डवर टाइप केलं त्यावर अवलंबून असतो.

आणि आपल्या कामात 'ऱ' किती येतो बघा: शेतकऱ्याची मुलाखत, व्यापाऱ्याची मुलाखत, दुसऱ्या दिवशी, सातऱ्यावर. फाइलींची नावं नेमकी याच शब्दांनी ठेवाविशी वाटतात.

तपासायचं कसं? एक्सएमएल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पत्त्याच्या ओळीत मराठी अक्षरं दिसणार नाहीत. त्यांच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची माळ असते, प्रत्येक अक्षरचिन्हासाठी तीन बाइट, म्हणजे नऊ अक्षरं. 'मिरची' या छोट्या शब्दाची पंचेचाळीस होतात. घाबरू नका. 'ऱ' च्या जागी एकच नऊ अक्षरांचा गट आहे की दोन, एवढंच मोजायचं. दोन असतील तर तुकडे झालेत. एक असेल आणि हलन्तानंतर आणखी एक अनोळखी गट असेल तर तो अदृश्य जोडणारा. दुरुस्ती तिथेच शोधा-बदला करून होते, अर्थात एक्सएमएलची प्रत काढून मगच.

हे टाळायचं तर आवाजाच्या फाइलींना रोमन अक्षरं आणि आकडे यांचीच नावं द्या: गावाची दोन अक्षरं, तारीख, रेकॉर्डरचं अक्षर, अनुक्रमांक. मराठीत पीएचडी करणाऱ्याने हे लिहावं याचं मला वाईटच वाटतं, पण मराठी तुमच्या नोंदवहीत आणि वर्णनात भरपूर ठेवा, फाइलच्या नावात नको. एक मात्र सांभाळा. नावं बदलायची ती एडिटिंग सुरू करण्याआधी. टाइमलाइन तयार झाल्यावर बदललीत तर तुम्ही स्वतःच्या हाताने सगळे धागे तोडता.

फाइल बरोबर, तरी आवाज चुकीचा

इथे रीलिंक नीट झालेलं असतं, तरी काहीतरी बिनसतं. पटकन ओळखायची युक्ती अशी: टाइमलाइनच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी चित्र आणि आवाजातलं अंतर मोजा. ओठ दिसत नसले तरी टाळी चालते, आणि सातऱ्यावर तर निसर्गाने सोयच केलीय: कुणाला तरी ठसका लागतोच. खांदे हललेले चित्रात दिसतात आणि आवाजाच्या आलेखात उंच टोक येतं.

तिन्ही ठिकाणी अंतर सारखंच आलं, तर सुरुवातीचा टाइमकोड चुकलाय. पूर्ण क्लिप सरकवली की झालं. अंतर वाढत जात असेल तर वेगाचा मामला आहे. किती वाढतंय त्यावरून रोग कळतो. तासाला सुमारे ३.६ सेकंद असेल, तर कुठेतरी ३० आणि २९.९७ फ्रेम यांची गल्लत झालीय. तासाला जवळपास पाच मिनिटं असेल, तर ४४,१०० सॅम्पलची फाइल ४८,००० ची समजली गेलीय. तासाभराची मुलाखत ५५ मिनिटं साडेसात सेकंदात संपते आणि सगळ्यांचे आवाज बारीक होतात. हे कानालाच कळतं. फोनच्या व्हिडिओत मात्र फ्रेमचा वेग मुळातच स्थिर नसतो, त्यामुळे अंतर कधी वाढतं, कधी कमी होतं. तो व्हिडिओ एडिटिंगच्या आधी स्थिर वेगात बदलून घ्यायला हवा होता. आता टाळ्या-ठसके बघून तुकड्या-तुकड्याने जुळवा.

आवाज पूर्ण गायब, पण क्लिप लाल नाही? विभागातला संगणक लिनक्सवर आहे का ते बघा. तिथे रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फोन-कॅमेऱ्यांचा एएसी आवाज वाजवत नाही, एच.२६४ चित्राचीही तीच गत. रीलिंक करत बसू नका, एफएफएमपेगने फाइली बदलून घ्या.

चॅनेलचा घोळ संशोधकाला जास्त बोचतो. समजा रेकॉर्डरच्या डाव्या बाजूला त्या बाईच्या पदराला लावलेला माइक आणि उजव्या बाजूला तुमचा. प्रीमियरमध्ये तुम्ही ते दोन वेगळे मोनो म्हणून वापरले. नव्या सॉफ्टवेअरने फाइल स्टीरिओ मानली, तर दोन्ही ट्रॅकवर एकच बाजू वाजू शकते. तुमचे प्रश्न खणखणीत आणि उत्तरं लांबून, अस्पष्ट. अशा फाइलवरून ट्रान्स्क्रिप्ट करायला बसलात तर 'अस्पष्ट' असे कंस पडत जातात आणि वाटतं की बाईच हळू बोलत होत्या. रिझॉल्व्हमध्ये आधी आवाजाच्या फाइली मीडिया पूलमध्ये आणा, क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये त्या मोनो करा, आणि मगच टाइमलाइन आयात करा. आयात करताना मूळ फाइली आपोआप आणण्याची खूण काढून टाका.

प्रीमियरमध्ये मर्ज क्लिप्स वापरून कॅमेऱ्याचं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज एक केला असेल तर तीही गाठ बाहेर नेताना अनेकदा सुटते. नव्या ठिकाणी चित्राची फाइल सापडते आणि तिच्याबरोबरचा कॅमेऱ्याचाच खरखरीत आवाज लागतो. सगळं नीट दिसतं, फक्त गुणवत्ता घसरलेली. मर्ज करण्याऐवजी दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर ठेवून लिंक केलेलं बरं.

तपासणी

रीलिंक झाल्यावर मी तीन गोष्टी तपासायला सांगेन. पहिली, प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला तोंडी ठेवलेली नोंद ऐका: भिवापूर, तारीख, मुलाखत क्रमांक तीन, रेकॉर्डर अ. बोलणाऱ्याचं नाव तिथे घ्यायचं नाही, क्रमांकच. ही दहा सेकंदांची नोंद टाइमलाइनवर नसते, म्हणून क्लिपमधून मूळ फाइल उघडून ऐकावी लागते. कंटाळवाणं आहे, पण फाइल आपण कोण आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगते, नाव काहीही असो. दुसरी, चेकसम. शूटिंगच्या दिवशीच प्रत्येक फाइलचा चेकसम काढून तक्ता करा. नव्या ठिकाणी लागलेल्या फाइलचा चेकसम त्याच्याशी जुळला म्हणजे ती बाइट-न्-बाइट तीच. सहा झूम०००१ मधून हवी ती ओळखायला याहून खात्रीचा मार्ग नाही. निनावी केलेल्या फाइलींचा तक्ता वेगळा. तिसरी, जुन्या सॉफ्टवेअरमधून सोडण्याआधी पूर्ण टाइमलाइनचा एक साधा व्हिडिओ काढून ठेवा, नव्या टाइमलाइनवर तो वरच्या ट्रॅकला लावा, आणि दोन्ही आवाज एकत्र वाजवा. जुळत असतील तर एकच आवाज ऐकू येईल. कुठे घुमल्यासारखं किंवा दोन माणसं एकदम बोलल्यासारखं वाटलं की तिथे थांबा.

ही तपासणी जुनी डिस्क रिकामी करण्याआधीची आहे. काही आवाज परत रेकॉर्ड करता येत नाहीत. भिवापूरवरून जाणारी नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्याआधी कुणी तिथे घेतलेल्या मुलाखतीत मागे त्या छोट्या गाडीची शिट्टी असेल, तर ती आता फक्त त्या फाइलमध्येच आहे.

आणि मूळ फाइल खरंच गेली असेल तर? प्रीमियरचं मीडिया कॅश फोल्डर पुसण्याआधी बघा. एमपीथ्री, एएसी अशा दाबलेल्या फाइलींची, किंवा प्रकल्पापेक्षा वेगळ्या सॅम्पल रेटच्या फाइलींची पूर्ण उघडलेली प्रत प्रीमियर तिथे सीएफए या प्रकारात ठेवतं. ऑडॅसिटीत ती रॉ डेटा म्हणून, ३२ बिट फ्लोट निवडून आयात करता येते. सॅम्पल रेट आणि चॅनेलची संख्या प्रकल्पाची द्या, आवाज बारीक किंवा जाड आला तर बदलून बघा. प्रकल्पाच्याच दराने रेकॉर्ड झालेल्या साध्या वेव्ह फाइलची अशी प्रत सहसा बनत नाही, तेव्हा तिथे ही आशा धरू नका. त्यावेळी उरतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा आवाज. तो वापरलात, तर ट्रान्स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा: हा आवाज कॅमेऱ्याचा आहे, रेकॉर्डरची फाइल उपलब्ध नाही.